सहा मिनिटांचे तुकडे

आमच्या डंडीच्या फर्ममध्ये वेळ
सहा मिनिटांच्या तुकड्यांनी मोजतात.
पत्र वाचलं : एक तुकडा.
फोन लागला नाही : तरी एक.

फार्कर इमरी मोजत नाहीत.
एकाहत्तराव्या वर्षीही डिक्टाफोन तोंडाशी धरून
ते पूर्णविरामसुद्धा उच्चारून सांगतात.
टाइप करणारी मॉरीन निवृत्त झाली त्याला नऊ वर्षं झाली,
हे त्यांना कळलंय, पटलेलं नाही.
कॅसेटी माझ्या खणात साठतात.
शुक्रवारी दार लोटून
मॉरीन मीच होतो.

इशबेल रॅट्रे, वय सव्वीस,
साडेपाचला लॅपटॉप मिटते.
पिशवीत पोहायचा चष्मा, ओला टॉवेल.
टे नदी जिथे समुद्राला मिळते
तिथल्या पाण्यात ती नोव्हेंबरातही उतरते म्हणे.
पहिल्याच महिन्यात तिने विचारलं,
"शनिवारचं काम करारात कुठे लिहिलंय?"
रागाने नाही. कलम शोधत होती.
मी वीस वर्षांत माझा करार उघडला नव्हता.
आणि मी वकील.

तिच्या वयाचा असताना
इमरींच्या आधी कोट अंगात घालायची माझी छाती नव्हती.
मुलगी जन्मली त्या रात्री मी
एका गोदामाच्या भाडेपट्ट्याचं चौदावं कलम दुरुस्त करत होतो.
त्यांनी व्हिस्की दिली, सुट्टी दिली नाही.
मी मागितलीही नव्हती,
एवढं नोंदवून ठेवतो.

सुपातल्यांना हसू येतं, जात्यातल्यांना रडू;
पाळीवर अडकलेल्या दाण्याचं काय होतं
ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

मंगळवारी गेलॅटली बाईंच्या शेताचे कागद निघाले.
सत्त्याऐंशी सालचं खरेदीखत, गुलाबी फितीत बांधलेलं.
हद्द : ओढ्याच्या उत्तरेस.
ओढा ओलांडून बाईंच्या मेंढ्या
छत्तीस वर्षं दक्षिणेला चरत होत्या.
खाली सही इमरींची.
मधल्या काळात दोनदा तपासलं गेलं,
दोन्ही वेळा आद्याक्षरं माझी.

मला वाटलं, आता ई-मेल येणार,
सगळ्या भागीदारांना प्रत, विषयात उद्गारचिन्ह.
तिने नकाशा गुंडाळला, काखेत मारला,
इमरींच्या दारावर टकटक केलं.
काचेतून मला दिसत होतं.
त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.
टेबल अपुरं पडलं म्हणून तिने नकाशा जमिनीवर पसरला,
आणि इमरी, ज्यांना मी कधी वाकलेलं पाहिलं नव्हतं,
खुर्चीचा हात धरून, एकेक गुडघा टेकत
तिच्या शेजारी बसले.
बोट ओढ्यावरून फिरवत राहिले.

सवयीने मी मोजलं : अकरा तुकडे.
कुणाच्याच बिलात ते लागले नाहीत.

साडेपाचला दोघं बरोबर बाहेर पडली.
जिन्यात त्यांचा आवाज :
"पाणी कितपत गार असतं?"
"आधी तोंडातून शिवी येते. मग काही कळत नाही."
"शिव्या मला येतात," ते म्हणाले.

टेबलावर कॅसेट. वर माझं नाव नाही, मॉरीनचं.
मी ती लावली.
दुरुस्तीखताचा मसुदा, स्वल्पविराम.
चूक माझी आहे, पूर्णविराम.
ती मिस रॅट्रे यांनी, नाही, खोड ते,
इशबेलने दाखवून दिली, पूर्णविराम.
मग बराच वेळ नुसती खरखर, खिडकीबाहेरचे सीगल,
आणि घसा साफ करून :
मॉरीन, नवा परिच्छेद.

त्यापुढे टेप कोरी.
मी शेवटपर्यंत चालू दिली.
दोन आद्याक्षरांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.
सफाईवाली दिवे मालवत आली,
माझा तेवढा राहू दे म्हटलं.
नव्या परिच्छेदात कर्सर लुकलुकतोय.
आतापर्यंत तीन तुकडे झालेत.