आधी हिरवं

तीस वर्षं मालडब्यांवर आकडे काढले
भुसावळ यार्डात, तापल्या पत्र्यावर.
साचा, पांढरा एनॅमल, आणि कड अशी
की नखानं तपासून घ्यावी.
चार तासांत सुकायचं, रात्री डबा इटारसीच्या वाटेला.

आता निवृत्त. आता हे.

गावित सर म्हणाले, चेहरा शिकायचा तर
आधी दुसऱ्यानं काढलेला नीट उचला.
आणि नवापूरच्या घरून एक पान आणलं
प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्यांचं:
निळ्या शालीतली मरियम, पापण्या खाली,
मांडीवर बाळ.
पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या कुणी रंगवलेली.
आम्ही काही हिची पूजा करत नाही, सर म्हणाले,
आमचं चर्च वेगळं.
पण बघायला काय जातंय.

मांजरपाट ताणला. सरस, खडू,
तीन हात, मधे मधे घासून.
इथवर मला सगळं येत होतं.

मग सर म्हणाले, हिरवा घ्या.
चेहऱ्याला?
चेहऱ्यालाच. कातडीखाली आधी हिरवं असतं.

कपाळ, गाल, हनुवटी, बाळाची पोटरी,
सगळं सावद्याच्या कच्च्या घडासारखं.
सिंधू चहा ठेवायला आली ती थांबलीच.
"बाई हिरवी काहून? आजारी हाये का?"
पिकंल, म्हटलं.

पिकायला वेळ लागला.
ज्याची चटणी भाकरीवर घेतो त्याच जवसाचं तेल,
एक पातळ थर, मग नुसतं बसणं.
थंडीत दहा दिवस, होळीनंतर सहा.
जिनिंगमधून रुईचा एक तंतू आला
आणि ओल्या ओठावर बसला.
चिमट्यानं काढताना ओठही थोडा निघाला.

सर दर रविवारी एकच सांगायचे, कड मोडा.
गाल कुठं संपतो ते सांगू नका.
मला तर आयुष्यभर तेच सांगण्याचा पगार मिळाला.
आठ हा आठच दिसला पाहिजे,
तीन वाटला तर गव्हाचा डबा भलत्या सायडिंगला.
कोरडा ब्रश घेऊन गालावरून फिरवत राहिलो,
झोपलेल्याच्या तोंडावरची माशी हाकावी
इतक्या हळू.

वैशाखात सर आले. चष्मा पुसला, जवळ गेले.
ही कसली रेघ? भुवईपासून कानाखाली, तिरकी?

पानात आहे, मी म्हणालो.
फार मेहनतीनं धरलीय. अर्धी उजळ, अर्धी काळसर.

सरांनी पान खिडकीशी धरलं.
घडी होती ती.

इटलीची नाही.
सरांचे वडील ऊसतोडीला बारडोलीकडे जायचे,
सदऱ्याच्या खिशात हे पान,
घामानं भिजायचं, परत वाळायचं,
तिथंच मोडायचं.
पूजा करत नव्हते, सर पुन्हा म्हणाले.
हसायला लागले होते, ते थांबले.

पुसू? टर्पेंटाइनची चिंधी माझ्या हातातच होती.

राहू द्या.
आणि बोट न टेकवता
वरून खाली नेलं त्या रेघेवरून.

अख्ख्या चित्रात तेवढी एकच कड,
नखानं तपासता येईल अशी.

शाल बाकी आहे. निळी ट्यूब महाग,
पेन्शन जमा झाली की बघू.
तोवर तिच्या खांद्यांवर
नुसता मांजरपाट.