ढाल : एकेचाळीस

बोपोडीत, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री साडेअकराला मी खेकड्यासमोर उभी राहते.
म्हणजे भद्रा उभी राहते,
हिरव्या कातडीची, सुळे बाहेर आलेली माझी बाई.
अंगात लोखंडी चिलखत, डाव्या हातात ढाल,
उजवा हात रिकामा. तलवार मुद्दाम पेटीत ठेवलीय,
नाहीतर सवयीने चालते.

नियम असा की
तलवार मारून वाढते, ढाल मार खाऊन.
आणि मारणारा हवा किरकोळ,
राक्षस गाठला तर शिकायच्या आधीच आटोपतं.
म्हणून हा खेकडा. समुद्रकाठचा, परातीएवढा.
खट्. खट्.
जरा थांबून, खट्.
एकोणचाळीसवर तीन दिवस अडकले होते.
ढालीच्या बटणाला कोथिंबिरीच्या जुडीचं रबर गुंडाळते
आणि भांडी घासून येते.

पप्पांना झोप नसते हल्ली.
खुर्ची ओढून बसले, चष्मा कपाळावर.
"मारत का नाहीस त्याला?"
मारलं तर संपेल तो.
"मग?"
मग दुसरा शोधावा लागेल.
यावर ते बराच वेळ गप्प.
खाली मालगाडी गेली, तावदानं थरथरली,
तिच्यातूनही खट् ऐकू येत होतं.
"हा अगदी आमचा घोरपडे," म्हणाले,
"जीव घ्यायचा नाही. पण थांबायचाही नाही."
घोरपडे म्हणजे खडकीच्या कारखान्यातला त्यांचा फोरमन,
एकोणीस वर्षं.

तेव्हापासून खेकड्याचं नाव घोरपडे.
माझी हिंजवडीला रात्रपाळी असली
की पप्पा राखणीला बसतात.
रबर सटकलं तर परत लावायचं, एवढंच काम.
पहाटे पाचला कॅबमध्ये मेसेज वाचते :
*घोरपडे डावीकडे सरकला होता. भद्राला वळवली.
ढाल एकेचाळीस.
येताना दूध आण.*

गुरुवारी वीज गेली.
गुरुवारी जातेच, दुरुस्तीसाठी, सगळ्यांना माहीत असतं,
पण सेव्ह कसं करायचं ते मी त्यांना
शिकवलंच नव्हतं.
घरी आले तर काळ्या पडद्यासमोर बसलेले,
कंट्रोलर मांडीवर, रबर तसंच.
"माझ्यामुळे गेले ना दोन आकडे."
येतील परत. घोरपडे कुठे जातोय?
हसले नाहीत.

पंखा बंद. पेपरची घडी करून वारा घेत
म्हणाले, आमच्याकडे पत्रा उभा करायचे टेबलावर,
लांबून गोळी घालायचे.
टिकला तर शिक्का. सगळा लॉट पास.
आणि तो पत्रा?
"तो भंगारात. टिकलेला असला तरी.
मार खाल्लेला पत्रा कुणाच्या अंगावर चढवत नाहीत.
आत काय झालंय ते दिसत नाही ना."

साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं.
बनियनच्या गळ्यातून त्यांची शिवण दिसत होती,
मागच्या जूनमधली, वरची दोन बोटं.
खेळात उलटं असतं, असं मी म्हणणार होते.
उठून चहा टाकला.

चारला वीज आली.
तोच किनारा, तीच राखाडी लाट,
भद्रा उभी, जणू कुणी मारलंच नाही कधी,
ढाल एकोणचाळीस,
आणि दगडाआडून घोरपडे हजर.
पप्पांनी स्वतः रबर लावलं, नीट, दोन वेढे.
खट्. खट्.
"ढाल वाढते," म्हणाले. "चिलखतही वाढतं."
हो.
"ह्याचं काय वाढतं गं? इतका राबतो तो."
काहीच नाही.
"काहीच?"
नाही, पप्पा.

त्यांनी रबर काढलं. मनगटात घातलं.
अंगठ्याने चाचपत भद्राला मागे घेतली,
एक पाऊल, दोन, वाळूवर जरा वाकडी.
"जेवायची सुट्टी," म्हणाले,
आणि घोरपडे नांग्या उचलून
तिरका तिरका
तिच्या मागे येतच राहिला.