जमीन मऊ होईपर्यंत

जानेवारीत गेला रेक्कू.
तौनोने पहार मारली जमिनीवर,
ती घंटेसारखी वाजली
आणि हाताला झिणझिण्या देऊन परतली.
इथे इनारीत माती
मे उजाडेपर्यंत कुणाला आत घेत नाही.

मग जुन्या लोकरी पांघरुणात गुंडाळून
लाकडांच्या खोपीत ठेवला त्याला,
बर्चच्या ओंडक्यांशेजारी.
शेजारचा ओस्मो म्हणाला, यंत्र आणतो, अर्ध्या तासाचं काम.
तौनो नको म्हणाला. का, ते सांगितलं नाही.

लाकडं आणायला आता सगळेच तयार.
पूर्वी यावरून भांडणं व्हायची.
धाकटी हेल्मी तर एकेकच ओंडका आणते,
दिवसातून सात खेपा.
आत काय बोलते, मी विचारत नाही.
मीही बोलते.

त्याला पलंगावर चढू द्यायचं नाही
हा तौनोचाच नियम.
परवा रात्री झोपेतच
त्याने पाय दुमडून घेतले,
पायथ्याशी कुणाला तरी जागा केल्यासारखे.

पायरीपाशी भांडं तसंच आहे.
पाण्याचा दगड झालाय,
त्यात एक केस, तांबूस, वाकडा.
बर्फ उपसताना आम्ही भांड्याला वळसा घालतो.

आज छपरावरून थेंब पडला.
पहिलाच.
हेल्मीने मान वर केली, मग माझ्याकडे पाहिलं.
इथली सगळी मुलं वसंताची वाट बघतात;
ती म्हणाली,
"आई, अजून थंडी पडेल ना?"

तौनो पहारीला धार लावत होता.
थांबला.
म्हणाला, पडेल. पडेल अजून.