पानाची पाठ

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात
घेवड्याची पानं टोकाकडून पिवळी पडायला लागली.
मी पाणी वाढवलं.
एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला विस्कॉन्सिनभर,
काही बिघडलं की आधी टाकी बघायची,
हात तिकडेच जातो.

पाण्यानं काही होईना. मग खत.
मग टोकं करपली, कडा वर वळल्या,
धगीजवळ धरलेल्या कागदासारख्या.
पण पानाला भोक नाही,
कुरतडल्याची खूण नाही.
घर धुऊन नेलेलं आणि कुलूप जागच्या जागी.

कुंपणापलीकडून पा न्या वांग चार दिवस बघत होती.
पाचव्या दिवशी पांढरी ताटली घेऊन आली,
वेलाखाली धरली
आणि वेलाला टपली मारली,
झोपलेल्या नातवाला मारावी तशी.

ताटलीत पडले:
फिकट हिरवे, तांदळाच्या कणीएवढे,
डोक्याकडे रुंद, शेपटाकडे निमुळते.
मावा असता तर बसून राहिला असता, सुस्त, चिकट.
पांढरी माशी असती तर धुरासारखी उठली असती.
हे तिरके चालले. खेकड्यासारखे.
मी वाकलो, तोवर ताटली रिकामी.

"तुडतुडे," ती म्हणाली.
"पाणी पुरे. पान उलटं कर."

पानाच्या पाठीवर शिरेला चिकटून पिल्लं,
बिनपंखी, तीही तिरकीच पळणारी,
आणि त्यांनी टाकलेली कात, पांढरा कोंडा.
रस पिताना तोंडातलं काहीतरी आत सोडतात,
पान बंद पडतं मागून.
मी महिनाभर पुढूनच बघत होतो.

गॅरेजमध्ये वडिलांच्या वेळची बाटली होती,
लेबल पुसलेलं, वास शाबूत.
ती बघून पा न्यानं मला एक पान दाखवलं:
केसाएवढ्या देठांवर उभी ठेवलेली अंडी,
टाचणीच्या डोक्याहून बारीक.
"ह्यांची पोरं त्यांना खातात."
बाटली परत फळीवर ठेवली.
फेकायची कुठे, तेही अजून कळलेलं नाही.

झाडांवर मारायचा साबण आणला.
उन्हात मारला तर पानंच भाजतात, म्हणून संध्याकाळी.
अंगाला लागला तरच मरतात, म्हणून खालून.
वाफ्यात पाठीवर आडवा झालो,
टँकरखाली सरकायचो तसा,
आणि वर फवारत राहिलो.
चष्म्यावर फेस. डार्लीन खिडकीतून हसत होती.
दर पाच दिवसांनी. पिल्लं मेली.
मोठे उडून बटाट्यावर गेले.

मग सोमवारी स्कारनं लसूणघास कापला
आणि बुधवारी त्याच्या शेतातले सगळे माझ्याकडे.
आता त्याचं यंत्र सुरू झालं की
मी वाफ्यावर जाळी टाकतो,
मुलीच्या लग्नात मांडवाला लावून उरलेली.
लग्न चार वर्षं टिकलं.
जाळी चांगली आहे.

शेतकी ऑफिसातला पोरगा फोनवर म्हणाला,
इथल्या थंडीत एकही वाचत नाही.
दर वसंतात दक्षिणेच्या वाऱ्यावर येतात,
समुद्राकाठावरून, हजार मैल,
स्वतःचे पंख फार न मारता.
हे मी पा न्याला सांगितलं.
"म्हणजे इथे कोणी जुना नाही," ती म्हणाली
आणि मोहरी निवडत बसली.

ऑगस्टात घेवडा निम्माच आला.
तिची ताटली माझ्याकडेच राहिली होती.
आमच्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत.
तिच्याकडेही नाही, असं निघालं.
शेंगा रचून कुंपणावरून पुढे केली.

वरच्या शेंगेवरून काहीतरी
तिरकं चालत गेलं.
दोघांनी बघितलं.
तिनं ताटली घेतली.