गेला

पाषाण तलावाच्या बांधावर सव्वासहाला
फाटक उघडायच्या आधीच मी उभा असतो,
दुर्बिणीचा पट्टा मानेला, वही शबनममध्ये.
बायपासवरचे ट्रक पुण्याला वळसा घालून
आपापल्या वाटेनं जात असतात.

फाल्गुन सरत आला की इथून सगळे निघायला लागतात.
आधी थापट्या बदकं, एका रात्रीत.
काल जलपर्णीच्या कडेला साठ-सत्तर होती,
आज नुसतं पाणी, आणि त्यावर
इथंच राहणाऱ्या चार टिबुकल्या,
पाहुणे गेल्यावर घर आवरत असल्यासारख्या.
मग परीट. बांधाच्या दगडांवर शेपूट आपटत
सहा महिने कुणाचे कपडे धूत होता कोण जाणे,
धुलाई न मागताच गेला.
भोरड्या मात्र गाजावाजा करून जातात,
पांगाऱ्यावर गलका, तोंडं परागानं माखलेली,
पंगतीतून उठून थेट एसटी पकडणारं वऱ्हाड.

माझ्या वहीत दोन रकाने आहेत: आला, गेला.
'आला' भरायला सोपा.
दिसला त्या दिवशी तारीख टाकायची,
वाटलंच तर पुढे उद्गारचिन्ह.
'गेला' कधीच त्या दिवशी भरता येत नाही.
आठवडाभर दिसला नाही की पानं उलटत मागे जायचं,
आणि ज्या सकाळी आपण त्याच्याकडे
नीट पाहिलंसुद्धा नव्हतं,
थर्मासचं झाकण शोधत होतो,
त्या सकाळपुढे खूण करायची.

हिरवा पर्णवटवट्या. अंगठ्याएवढा,
दिसण्याच्या भानगडीत फारसा न पडणारा.
तो ऐकायचा असतो.
करंजाच्या शेंड्यातून चिवीट्, चिवीट्,
वीस वर्षं मी त्याला कानांनीच मोजला,
एप्रिल अर्धा होईपर्यंत.
यंदा अठरा मार्चलाच गेला.
मी तारीख लिहिली, खाली रेघ ओढली.
बाणेरकडचे टॉवर, रात्रभरचे दिवे, चढलेलं ऊन,
कारणं तयारच होती.
पटवेकरांना फोन करून सांगितलंसुद्धा,
लवकर जायला लागलेत हो.

कोयना, माळीबुवांची मुलगी, नववीत.
बापाचं गाव पाटणकडचं, म्हणून नाव नदीचं.
रोपवाटिकेत पाणी घालता घालता विचारते,
"काका, आज काय काय?"
मी वाचून दाखवतो. वटवट्यापाशी ती अडवते.
"तो कुठं गेलाय? वर बोलतोय की."

मी वर पाहतो.
करंजाची नवी पालवी, पोपटी, लकाकती,
आणि तिच्यात अगदी स्वच्छ शांतता.
"आत्ता बघा. आत्ता परत. ऐकलं?"

दुर्बीण लावली. बराच वेळ पानंच पानं.
मग एक पान ही फांदी सोडून त्या फांदीवर गेलं.
भुवईची फिकट रेघ, इवली चोच,
उघडली, मिटली, उघडली,
बंद काचेपलीकडून
कुणी आपल्याला काही सांगत असावं तशी.

टिळक रोडच्या डॉक्टरीणबाईंनी
आलेखाच्या उतारावर पेन टेकवलं.
"वरचे सूर आधी जातात.
माणसांचं बोलणं येईल तुम्हाला ऐकू."
मी मान हलवली. रिक्षात बसल्यावर
त्यातल्या दिलाशाचं हसू आलं.

घरी येऊन अठरा मार्च खोडायला घेतलं.
मग तसंच ठेवलं.
तारीख बरोबर होती,
पुढचं नाव तेवढं बदललं.

आता कोयना झारी घेऊन हिंडते
आणि मध्येच एक बोट वर करते.
बोट दिसलं की मी वहीत काडी ओढतो.
आज बारा एप्रिल, सात काड्या.
"इथून कुठं जातो तो?"
हिमालयात, कधी त्याच्याही पलीकडे.
"एवढासा?" म्हणून ती वर बघत राहते,
शाळेला उशीर होतोय, बोट अजून हवेत,
आणि नळाखालची बादली भरून वाहते आहे.
ती मला ऐकू येते.