दहावर एक फुकट

कारखान्याला सुट्टी सोमवारी,
आणि पार्कचं तिकीट निम्म्यावर तेही सोमवारीच.
हा योग वैजूनं काढला,
दुधाच्या पिशवीबरोबर आलेल्या जाहिरातीतनं.
खाली बारीक अक्षरात होतं:
दहा जणांवर अकरावा फुकट.

मग गल्लीत माणसं मोजणं सुरू झालं.
आम्ही चौघं. चौगुल्यांची तिघं.
बाबालालभाई आणि त्यांची सून.
सुनेचं पोरगं गेटवरच्या पट्टीखालनं जाईल,
ते धरायचं नाही.
दहाव्या आक्काताई,
"मी काठावर बसून पिशव्या राखीन" या अटीवर.

अकरावा बिपिन.
ओडिशाचा, माझ्याच पाळीला, कोअर शॉपला.
दोन वर्षांत त्यानं कोल्हापूर बघितलं म्हणजे
खोली, फौंड्री
आणि रंकाळ्यावरची एक संध्याकाळ, तीही भेळ न खाता.

यष्टीत बायकांना निम्मं,
बाबालालभाई पासष्टच्या पुढचे, तेही निम्म्यात.
वैजूच्या वहीत दोन रकाने होते, खर्च आणि वाचले.
ती फक्त दुसराच भरत होती.

गेटवर डबे अडवले.
बाहेरचं खाणं आत चालत नाही.
"मावशी, नियम आहे."
"नियम तुझा, भाकरी माझी.
हातावर शिक्का मार, चिंचेखाली जेवून परत येतो."
मारला त्यानं. जांभळा मासा.

पाण्यात नायलॉनचाच पोशाख पाहिजे, भाडं ऐंशी रुपये.
पण चौगुले वहिनी शिलाई करतात.
कबड्डी संघाचं उरलेलं हिरवं कापड,
त्याचे अकरा जोड आदल्या रात्रीच शिवून तयार.
पाठीवर कुणाच्या "क्रीडा", कुणाच्या नुसतंच "मंडळ",
आणि आक्काताईंच्या पाठीवर सात नंबर.
लाईफगार्ड म्हणाला, कुठली टीम?

पिशव्या राखायला शेवटी कुणीच उरलं नाही.
आक्काताई जिना चढताना मोठ्यानं अंबाबाईला हाक मारत होत्या,
घसरताना मात्र एक शब्द नाही,
खाली आल्यावर बराच वेळ पाण्यातच बसल्या
आणि मग म्हणाल्या, "वर जायाची लाईन कुठनं हाय?"
बाबालालभाई लाटांच्या तलावात गुडघाभर उभे,
टोपी डोक्यावर तशीच.
शंभूनं नाकातनं पाणी काढलं, रडला,
रडता रडता परत पळाला.

दुपारी, नळीच्या घसरगुंडीमागं
जाळीआड पंप घरघरत होता.
बिपिन थांबला. मला खूण केली.
केसिंगच्या कडेला उठावाचे आकडे,
शेवटच्या साताची शेपटी तुटकी.
आमचा पॅटर्न.
पॅटर्न एकदा हातातनं पडला होता, माझ्याच,
तेव्हापासनं प्रत्येक सात असाच लंगडा.

"दादा, आपला," बिपिन म्हणाला.
कुठल्या रात्रीचा असेल?
लाईट गेली त्या रात्रीचा,
का ज्या पाळीला माझ्या बुटात ठिणगी शिरली?
तिथं लोखंड डोळ्याला बघवत नाही एवढं तापलेलं,
आणि इथं त्याच पोटातनं
एवढं गार पाणी वर चढतंय,
आक्काताईला घेऊन खाली यायला.

मी ईश्वरीला बोलावून दाखवलं.
हे बघ, हा लंगडा सात.
तिनं बघितलं.
"बरं. चला ना पप्पा, लाईन वाढायलीय."

चिंचेखाली अंड्याची पोळी, भाकरी, खर्डा, कांदा.
बिपिननं खर्ड्याला नको म्हटलं नाही,
डोळ्यातनं पाणी आलं ते तलावाचं, असं सांगितलं.
परतीच्या यष्टीत सगळे झोपले,
वैजूसुद्धा, वही उघडी मांडीवर.

मंगळवारी पहिली पाळी.
दहा वाजेतो माझ्या हातावरचा मासा
वाळूनं, तेलानं खाऊन टाकला.
बिपिनच्या हातमोज्याखाली मात्र
प्लास्टिकची पिशवी, वर रबर.
मुकादमानं विचारलं, काय रं, भाजलं काय?
"नाही," म्हणाला तो,
"मासा हाय."