चहा गाळायचा राहिलाय

श्रीजा म्हणते, आज्जी, जुना पिक्चर नकली गं.
कालिंदी रडते तरी काजळ जागचं हलत नाही,
गरिबाघरची म्हणे, आणि नेसलीय बनारसी.
खरंय तिचं.
पण नव्यातली कालिंदी, हिच्या मोबाइलातली,
सहा भाग नुसतं बोलते.
मला काय वाटतं, तुला काय वाटायला पाहिजे होतं,
अकरा वर्षं कुणापायी गेली,
वकिलासारखा सगळा हिशेब मांडते.
आणि तिच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलीय
आपली चादर, मोराची.
भिंतीला थंडी वाजते काय की!

जुना बघितला तेव्हा मी एकोणीस.
विडी कारखान्यातल्या आठ जणी, रात्रीचा खेळ,
बोटांना तंबाखूचा वास, ओच्यात खारे शेंगदाणे.
पडद्यावर मराठी,
आमचे हुंदके तेलुगू.
विश्राम अकरा वर्षांनी दारात येतो.
कालिंदी बघते. आत वळते.
आणि पडदा पांढरा.

कन्ना चौक येईपर्यंत एकीनं तोंड उघडलं नाही.

वीस वर्षं मी सांगत फिरले,
शेवट बघावा तर त्या पिक्चरचा.
मग एका रविवारी टीव्हीवर लागला.
ती आत वळते
आणि बाहेर येते हार घेऊन.
सनई, अक्षता, सासूसुद्धा हसते.
मी उठून उगाच भांडी घासली.
पुढं कधीतरी कळलं,
ऑपरेटर मौलालीभाई शेवटच्या खेळाला
शेवटचं रीळ लावायचाच नाही.
त्याला होटगीची पॅसेंजर गाठायची असायची.
गाडीसाठीच कापला त्यानं,
पण कुठं कापला, बघ की!

हे ऐकून श्रीजा गादीवर लोळून हसली.
मग म्हणाली, पुस्तकात काय आहे नेमकं?

पुस्तक मी डोळ्यानं वाचलेलं नाही.
बालामणी कोंडा वाचायची,
आमच्यात सातवी पास ती एकटी.
मांडीवर सूप, पानं कातरून ठेवलेली,
तिच्या वाटणीच्या विड्या आम्ही सात जणींनी वळायच्या
आणि तिनं वाचायचं.
तपासनीस आला की कादंबरी
पानांच्या ओल्या फडक्याखाली.
तर त्यात विश्राम दारात येतो.
कालिंदी म्हणते, थांबा,
चहा गाळायचा राहिलाय.
आत जाते. संपलं.

माझं मराठी त्या वाक्यावर झालं.
नवऱ्यावर रुसले तर तेच,
पोरगा तीन वर्षांनी सुरतेहून आला तर तेच,
चूल पेटलेली नसली तरी तेच.

जुन्यात ते वाक्य नाही. नव्यातही नाही.
नव्यात मात्र ती एक कप धुते,
मिनिटभर, नुसता नळाचा आवाज.
तेवढ्यापुरती ती आमची.
तेवढं मी चार वेळा मागं घ्यायला लावलं,
श्रीजा वैतागली.

काल तिनं ते पुस्तक मोबाइलवर मिळवलं.
तीनशे बारा पानं.
शेवटचं वाचून दाखवलं, मग त्याच्या आधीचं,
मग सगळ्या पुस्तकात चहा शोधला.
चहा आहे, बावीसदा.
गाळायचा राहिलेला कुठंच नाही.
छापलेल्या कालिंदीनं दार लावून घेतलंय,
आतून कडी,
आणि पुढं दोन पानं नुसती संध्याकाळ.

मग हे कुणी लिहिलं, श्रीजा विचारते.

बालामणीला जाऊन नऊ वर्षं झाली.
दाजी पेठेत एकटीच राहायची.
कधीही जा, स्टोव्हवर आधण ठेवलेलं.
वाचताना तिचं बोट ओळीखालून सरकायचं,
त्या जागी आलं की थांबायचं.
आम्ही विड्यांना दोरा गुंडाळत वाट बघायचो.
आम्हाला वाटायचं,
अवघड जोडाक्षर असेल.